पुनर्बांधणी झाली, देखभालीचे काय?

रेल्वेच्या काही डिझेल इंजिनांच्या क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी 'आर' हे अक्षर रंगविलेले असते. फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या ते सहसा लक्षात येत नाही, आणि आले तरी त्याचा अर्थ कोणाला विचारावा असे त्यास वाटत नाही. हे इंजिन एकदा जन्मले, अठरा-वीस वर्षे राबले, मग पंजाबातील पतियाळा येथील कारखान्यात पार सुटे केले गेले आणि पुन्हा जोडून रुळांवर आले, एवढा इतिहास त्या एका अक्षरात सामावलेला आहे. जुन्या यंत्राला नवे आयुष्य देण्याचा हा उद्योग म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातील एक भरीव परंतु फारसे न बोलले गेलेले यश होय. मात्र त्या यशाचा उत्तरार्ध तितकासा समाधानकारक नाही, आणि डिझेल इंजिनांचा काळ संपत आला असे सर्वत्र म्हटले जात असताना तर तो उत्तरार्ध तपासून पाहणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

पतियाळाच्या कारखान्याची नावे कशी बदलत गेली हे पाहिले तरी रेल्वेच्या धोरणाचा प्रवास ध्यानात येतो. १९८१ साली पायाभरणी झाली तेव्हा त्याचे नाव 'डिझेल कंपोनंट वर्क्स' असे होते. डिझेल इंजिनांना लागणारे सुटे भाग देशातच तयार व्हावेत हा त्यामागील हेतू. पुढे जुन्या इंजिनांची पुनर्बांधणी हेच त्याचे मुख्य काम होऊन बसले आणि २००३ साली 'डिझेल लोको मॉडर्नायझेशन वर्क्स' असे त्याचे बारसे झाले. २०२२ पासून त्याला 'पतियाळा लोकोमोटिव्ह वर्क्स' म्हणतात. नावातून 'डिझेल' गेले आणि कारखाना विजेच्या इंजिनांकडे वळला. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातील 'डिझेल'ही २०२० साली असेच पुसले गेले. यात गैर काहीच नाही. देशातील ब्रॉडगेज लोहमार्गांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मार्गावर आज विजेच्या तारा पोहोचल्या आहेत. परदेशातून तेल विकत आणून गाड्या ओढण्यापेक्षा हा मार्ग श्रेयस्कर, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मागे उरलेल्या, अर्धे आयुष्य शिल्लक असलेल्या इंजिनांचा आणि त्यांच्यावर एकदा केलेल्या खर्चाचे पुढे काय होते याचा.

अल्कोचा वारसा

१९६२ साली अमेरिकेतील अल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ या जातीची पहिली इंजिने भारतात आली आणि १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून त्याच बनावटीचे पहिले इंजिन बाहेर पडले. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सुमारे ११२ टन वजन आणि ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा, असे हे इंजिन. मालगाडी असो की मेल गाडी, त्याला काहीही जोडावे आणि त्याने ते ओढावे, अशी त्याची ख्याती झाली. गमतीची गोष्ट अशी की, ज्या कंपनीने हे इंजिन दिले तिने १९६९ साली इंजिने बांधण्याचा धंदाच सोडला. परंतु भारतात ही जात तिच्या सुधारित रूपांसह पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. मूळ घराणे बुडावे आणि दत्तक दिलेल्या मुलाने वंश चालवावा, तसाच हा प्रकार. पुणे आणि कल्याण येथील डिझेल शेडांनी या इंजिनांची पिढ्यान्‌पिढ्या निगा राखली. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गावर, मराठवाड्यात आणि पुढे कोकण रेल्वेवर ज्यांनी प्रवास केला त्यांच्या कानांत या इंजिनाचा तो गुरगुरणारा, मध्येच दम घेतल्यासारखा वाटणारा आवाज अजून असेल.

डिझेल इंजिनाचे आयुष्य रेल्वेच्या नियमांत ३६ वर्षांचे धरलेले आहे आणि त्याच्या मध्यावर, म्हणजे साधारणपणे १८ व्या वर्षी, त्याची संपूर्ण पुनर्बांधणी करावी अशी योजना आहे. या योजनेमागे शुद्ध अर्थशास्त्रीय विचार आहे. इंजिनाचे सर्व भाग एकाच गतीने झिजत नाहीत. ज्यावर सारा डोलारा उभा असतो तो पोलादी सांगाडा आणि चाकांच्या बोगी नीट तपासून, जोडकाम करून दीर्घकाळ वापरता येतात. पिस्टन, लायनर, बेअरिंगे, पंप, तारा यांचे आयुष्य त्या मानाने अल्प. शिवाय विद्युत यंत्रणा झिजण्याच्या आधीच जुनाट होते. तेव्हा जे टिकाऊ आहे ते ठेवावे आणि जे झिजले किंवा कालबाह्य झाले ते बदलावे, म्हणजे नव्या इंजिनापेक्षा बऱ्याच कमी भांडवलात जवळजवळ नव्या इंजिनाचे काम पदरात पडते. ज्या देशात भांडवल दुर्मीळ आणि परकीय चलन त्याहूनही दुर्मीळ होते, त्या देशाला याहून शहाणपणाचा मार्ग सुचणे कठीण होते. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत जुन्या चासीवर नवे शरीर चढवून गाडी पुन्हा रस्त्यावर आणतात, त्यामागील हिशेब यापेक्षा वेगळा नाही.

पतियाळात प्रत्यक्ष काय घडत असे? जुन्या इंजिनात डिझेलच्या शक्तीपासून एकदिश वीज तयार करणारा मोठा जनित्र असे. त्याच्या कार्बन ब्रशांची आणि कम्युटेटरची सतत उस्तवार करावी लागे. पुनर्बांधणीत तो काढून त्याच्या जागी अल्टरनेटर आणि सिलिकॉन रेक्टिफायर बसविण्यात आले. पिस्टनांना पोलादी माथे आले, अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर आला, इंधन फवारणारे पंप सुधारले, निर्वात ब्रेकांच्या जोडीला किंवा जागी हवेच्या दाबाचे ब्रेक आले आणि नंतरच्या काळात नियंत्रणासाठी मायक्रोप्रोसेसरही आला. या साऱ्यांतून २६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ इंजिन ३१०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-३ए होऊन बाहेर पडू लागले. म्हणजे जुने परत मिळाले एवढेच नव्हे, तर सुमारे १९ टक्के शक्ती वर मिळाली. नवे मूल मागितले आणि ते पहिल्यापेक्षा धट्टेकट्टे निघाले!

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे, कारण अश्वशक्तीच्या आकड्यावर भुलण्याची सवय वृत्तपत्रांना आहे तशीच मंत्रालयांनाही आहे. इंजिन जागचे हलताना गाडीला जी ओढ देते ती मुख्यतः त्याच्या वजनावर आणि चाक व रूळ यांच्यामधील पकडीवर अवलंबून असते. पुनर्बांधणीत वजन तेवढेच राहिले. त्यामुळे थांबलेली जड मालगाडी हलविण्याची ताकद जवळपास पूर्वीइतकीच, म्हणजे सुमारे ३० टनांची राहिली. वाढलेल्या ५०० अश्वशक्तीचा लाभ मिळतो तो गाडीने वेग घेतल्यावर. तेच ओझे अधिक वेगाने नेता येते, मधल्या चढावर वेग कमी पडत नाही, एका मार्गावरून दिवसाकाठी एखादी गाडी जास्त नेता येण्याची शक्यता निर्माण होते. परंतु ही शक्यता प्रत्यक्षात उतरण्यासाठी मार्ग मोकळा हवा, सिग्नल वेळेवर पडायला हवा आणि मुख्य म्हणजे इंजिन दररोज कामावर हजर हवे. ३१०० अश्वशक्तीचे इंजिन शेडमध्ये उभे असेल, तर त्याची अश्वशक्ती शून्य होय.

धूर काय सांगतो

इंजिन हजर राहते की नाही हे कारखान्यात ठरत नाही, ते शेडमध्ये ठरते. या साध्या गोष्टीकडे जितके दुर्लक्ष झाले तितके क्वचितच दुसऱ्या कशाकडे झाले असेल. डिझेल इंजिनाची देखभाल म्हणजे बिघडल्यावर दुरुस्ती नव्हे. प्रत्येक फेरीनंतरची तपासणी, महिन्याची, तिमाही, वार्षिक, दोन वर्षांची, चार वर्षांची आणि सुमारे आठ वर्षांनी संपूर्ण उघडून करावयाची, अशी ती एक अखंड साखळी आहे. या साखळीत सर्वांत उद्बोधक काम शेडच्या प्रयोगशाळेत चालते. इंजिनातील वंगणाचा लहानसा नमुना काढून त्यात कोणत्या धातूचा अंश किती, हे वर्णपटाच्या साहाय्याने पाहतात. लोखंड आणि क्रोमियम वाढले तर लायनर व पिस्टनच्या कड्या झिजत आहेत. तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंगांकडे पाहावयास हवे. सिलिकॉन वाढले तर हवेच्या गाळणीतून धूळ आत जात आहे. सोडियम दिसले तर थंड करणारे पाणी कोठेतरी वंगणात झिरपत आहे. वैद्याने नाडी पाहावी तसे हे आहे. इंजिनाने तक्रार करण्यापूर्वीच त्याचे दुखणे कळते, आणि काही हजारांच्या भागापायी लाखोंचा क्रँकशाफ्ट जाण्याचे संकट टळते.

त्यानंतरची कसोटी भाराची. इंजिन शेडमध्येच उभे ठेवून त्याची वीज विरोधकांमध्ये जिरवतात आणि ते पूर्ण शक्ती देते की नाही ते मोजतात. कागदावर ३१०० अश्वशक्ती असलेले इंजिन प्रत्यक्षात त्याहून कमी देत असेल तर ते येथे उघडे पडते. सामान्य प्रवाशालाही याची एक ढोबळ खूण पाहता येते. गाडी सुटताना अल्को जातीचे इंजिन काळा धूर सोडते, कारण ड्रायव्हर इंधन वाढवितो त्या क्षणी टर्बोचार्जरला हवा पुरविण्याचा वेग आलेला नसतो. हा धूर काही क्षणांत विरळ व्हावा अशी अपेक्षा असते. गाडीने वेग घेतला तरी तो काळाच राहिला, तर समजावे की हवेच्या गाळण्या तुंबल्या आहेत, फवारणीच्या तोट्या गळताहेत, किंवा टर्बोचार्जर थकला आहे. म्हणजेच विकत घेतलेले डिझेल न जळताच आकाशात जात आहे. रेल्वेचे रसिक या धुराची छायाचित्रे मोठ्या कौतुकाने काढतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती परकीय चलनाच्या नासाडीची छायाचित्रे आहेत.

इंजिन निष्क्रिय उभे असतानाचा खर्च तर बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. स्थानकात किंवा सायडिंगवर उभ्या असलेल्या अल्को इंजिनाचा यंत्रभाग मिनिटाला ४०० फेरे घेत चालूच ठेवतात. रेल्वेच्याच हिशेबाप्रमाणे अशा वेळी तासाला सुमारे २५ लिटर डिझेल जळते. एखादे इंजिन दिवसाकाठी दहा तास असे उभे राहिले आणि वर्षात तीनशे दिवस कामावर असले, तर ७५,००० लिटर डिझेल एक किलोमीटरही गाडी न ओढता संपते. मग ते बंद का करीत नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे एक मोठे कारण देखभालीतच दडलेले आहे. बॅटरी दमदार आहे आणि इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होईल, अशी खात्री ड्रायव्हरला असेल तरच तो ते बंद करील. सिग्नल मिळाल्यावर इंजिन सुरू झाले नाही तर मेमो त्याच्या नावावर येतो. जळालेले डिझेल कोणाच्याच नावावर येत नाही. उभे असताना लहान सहायक इंजिन चालवून तासाला तीन लिटरांत काम भागवण्याची व्यवस्था पुढे काही इंजिनांत करण्यात आली, ती योग्यच. तथापि जुन्या बॅटऱ्या वेळेवर बदलण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नव्हता, हेही लक्षात घ्यावयास हवे.

पुनर्बांधणी झालेल्या इंजिनाची देखभाल नव्यापेक्षा सोपी असते असा एक समज आहे. तो बरोबर नाही. नव्या इंजिनाचे सर्व भाग एका वयाचे असतात. पुनर्बांधणी झालेल्या इंजिनात तीस वर्षांचा सांगाडा, दहा वर्षांचा अल्टरनेटर आणि गेल्या वर्षीचा पंप एका छपराखाली नांदत असतात. त्यातून प्रत्येक इंजिन आपापल्या काळी पतियाळाला जाऊन आलेले. त्या त्या वेळी जी सुधारणा चालू होती ती त्यास मिळाली. त्यामुळे एकाच शेडमध्ये एकाच नावाची परंतु आतून निरनिराळी इंजिने गोळा होतात, आणि भांडारात त्या प्रत्येकाचे सुटे भाग ठेवावे लागतात. शक्ती वाढविल्यामुळे सिलिंडरांवरील उष्णतेचा आणि दाबाचा ताण वाढतो. पूर्वी जी हलगर्जी २६०० अश्वशक्तीला खपून जाई ती ३१०० ला खपत नाही. आणि ज्या फिटरने सारी हयात पाने आणि गेज वापरण्यात घालविली, त्याच्यासमोर एके दिवशी मायक्रोप्रोसेसरची पेटी येऊन पडते. थोडक्यात, पुनर्बांधणीने देखभालीची गरज कमी होत नाही. ती अधिक काटेकोर होते.

हिशेबाच्या दोन वह्या

असे असूनही पुनर्बांधणीला निधी मिळतो आणि देखभाल उपाशी राहते, याचे कारण तंत्रज्ञानात नसून हिशेबाच्या पद्धतीत आहे. इंजिन पुन्हा बांधणे हे भांडवली किंवा घसारा निधीतून करावयाचे काम. त्याची संख्या मोजता येते, वर्षाचे उद्दिष्ट ठरविता येते, शंभरावे इंजिन बाहेर पडले की हार घालून छायाचित्र काढता येते. शेडमधील देखभाल हा मात्र चालू खर्च. तो रेल्वेच्या 'ऑपरेटिंग रेशो'त, म्हणजे शंभर रुपये मिळविण्यासाठी किती रुपये खर्च झाले या प्रमाणात, सरळ मोडतो. हे प्रमाण ९८-९९ च्या घरात गेले की वरून काटकसरीचे फर्मान निघते. पगार कापता येत नाहीत, निवृत्तिवेतन थांबविता येत नाही, विजेचे व तेलाचे बिल भरावेच लागते. उरतात ते सुटे भाग आणि रिकाम्या जागा. गाळण्यांची खरेदी एक तिमाही पुढे जाते, निवृत्त झालेल्या फिटरची जागा भरली जात नाही, चार वर्षांची उघडणी साडेचार वर्षांवर जाते. त्या वर्षीचा ताळेबंद सुधारतो. इंजिन त्यानंतर दोन वर्षांनी मार्गात बंद पडते. पण ते वर्ष वेगळे असते आणि बहुधा अधिकारीही वेगळा असतो.

घसारा निधीची कथा याहून वेगळी नाही. मालमत्ता झिजते त्या प्रमाणात दरवर्षी पैसा बाजूला टाकावा, हा हिशेबशास्त्राचा पहिला पाठ. रेल्वे हा निधी पुरेसा भरीत नाही, असे ताशेरे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी वारंवार ओढलेले आहेत. निधीत कमी रक्कम टाकली की खर्च कमी दिसतो आणि ऑपरेटिंग रेशो आपोआप देखणा होतो. १९२४ पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. त्याच वर्षी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये खर्चावयाचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोश उभारण्याची घोषणा झाली. या कोशाची गरज भासली हाच घसारा निधी अपुरा ठेवल्याचा पुरावा म्हणावयास हवा. स्वतंत्र अर्थसंकल्प असताना निदान वर्षातून एकदा खासदार इंजिनांच्या उपलब्धतेविषयी प्रश्न विचारीत. आता चर्चेचा तेवढाही अवसर राहिलेला नाही.

या उपेक्षेची किंमत एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या शेडकडे शंभर इंजिने आहेत असे समजा. देखभाल चांगली असताना त्यांतील दहा दुरुस्तीसाठी उभी असतात. देखभाल ढिली पडली की पंधरा उभी राहतात. कामाला पूर्वीइतकीच नव्वद इंजिने हवी असतील, तर आता सुमारे सहा इंजिने जास्त लागतील. रेल्वेने २०१८ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार एका इंजिनाच्या मध्यायुष्यातील पुनर्बांधणीचा खर्च पाच ते सहा कोटी रुपये होता. म्हणजे चालू खर्चात केलेल्या काटकसरीपायी एका शेडमागे तीसएक कोटींचे भांडवल अडकून पडते. हे भांडवल दुसऱ्या वहीत लिहिले जात असल्यामुळे काटकसर करणाऱ्यास ते दिसत नाही, इतकेच.

अलीकडच्या दशकातील निर्णयांची संगती लावू जाता मती गुंग होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका अमेरिकन कंपनीशी बिहारमधील मढौरा येथे एक हजार नवी डिझेल इंजिने बनविण्याचा करार झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ब्रॉडगेजच्या संपूर्ण विद्युतीकरणास मंजुरी दिली. मधल्या काळात पतियाळात जुन्या डिझेल इंजिनांची पुनर्बांधणी चालूच होती. तीनही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय ठरविता येतील. तिन्ही एकाच घराने एकाच दशकात घ्यावेत हे मात्र समर्थनीय नव्हे. पुनर्बांधणीवर खर्च करताना इंजिन आणखी अठरा वर्षे चालेल असे गृहीत धरलेले असते. आठ-दहा वर्षांतच त्यास तारांखालून हटवावयाचे असेल, तर त्या खर्चाची फेड व्हायची कशी? मध्यंतरी वाराणसीत डिझेल इंजिनाचेच विजेच्या इंजिनात रूपांतर करण्याचा प्रयोग झाला. २६०० अश्वशक्तीचे इंजिन ५००० अश्वशक्तीचे झाले, काम ६९ दिवसांत उरकले आणि पुनर्बांधणीच्या निम्म्या खर्चात भागले असे सांगण्यात आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्यास हिरवा झेंडा दाखविला. पुढे हा प्रयोग मोजक्या इंजिनांपलीकडे गेला नाही. का गेला नाही, याचा खुलासा जनतेपुढे तितक्याच समारंभाने यावयास हवा होता.

काही इंजिने शेजारी देशांच्या कामी आली, हे चांगलेच झाले. जुलै २०२० मध्ये बांगलादेशाला दहा आणि मे २०२३ मध्ये आणखी वीस ब्रॉडगेज इंजिने देण्यात आली. पहिल्या दहांचे आयुष्य २८ वर्षांहून अधिक शिल्लक असल्याचे त्या वेळी सरकारनेच सांगितले होते. परंतु २८ वर्षे ही आयुष्याची मर्यादा आहे, हमी नव्हे. ती गाठायची तर २८ वर्षे पिस्टन, लायनर, गाळण्या मिळत राहावयास हव्यात, आणि त्या बनविणारे कारखाने तर विजेच्या इंजिनांकडे वळलेले आहेत.

राखीव कोणासाठी?

आता असे सांगितले जाते की, आपत्तीच्या प्रसंगी आणि संरक्षणाच्या दृष्टीने काही डिझेल इंजिने राखीव ठेवली जातील. हा विचार दूरदृष्टीचा आहे यात संशय नाही. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील वीजजाळे कोसळले तेव्हा शेकडो गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि त्या हलविण्यासाठी डिझेल इंजिनेच धावली. मे २०१९ मध्ये फनी वादळाने पुरीच्या परिसरातील विजेचे खांब आणि तारा भुईसपाट केल्या, तेव्हाही गाड्या पुन्हा सुरू करताना आधार घ्यावा लागला तो डिझेलचाच. कोकण रेल्वेचा रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा मार्ग २०२२ साली संपूर्ण विद्युतीकृत झाला. कोकणातला पाऊस, कोसळणाऱ्या दरडी आणि किनाऱ्यावर वाढत चाललेली वादळे ध्यानात घेता त्या मार्गावर तारा तुटण्याचा प्रसंग कधीच येणार नाही, असे कोण म्हणेल?

परंतु राखीव म्हणजे शेडच्या मागच्या रुळावर गवतात उभे केलेले इंजिन नव्हे. उभे राहिलेले डिझेल इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर बिघडते. बॅटरी उतरते, रबरी सील कडक होऊन तडकतात, वंगण खाली उतरून बेअरिंगे कोरडी पडतात, पाण्याच्या वाटा गंजतात, उंदीर तारा कुरतडतात. ठराविक दिवसांनी ते सुरू करून, भारावर चालवून पाहावे लागते. त्यासाठी डिझेल लागते, माणसे लागतात, आणि यातून उत्पन्न म्हणून एक पैसाही मिळत नाही. विम्याचा हप्ता भरताना जे समाधान मानावे लागते तेवढेच येथे मिळते. ज्या प्रशासनाला गाडी ओढणाऱ्या इंजिनाची गाळणी वेळेवर बदलणे जमले नाही, ते काहीच न ओढणाऱ्या इंजिनावर दरमहा खर्च करील, यावर विश्वास ठेवण्यासाठी नुसते आश्वासन पुरत नाही.

माणसांचा प्रश्न तर इंजिनांहून निकडीचा आहे. आवाजावरून कोणत्या सिलिंडरची फवारणी चुकते हे सांगणारे फिटर एका वर्षात तयार होत नाहीत. जुन्या शेडांतून विजेच्या इंजिनांची देखभाल सुरू झाली, तेव्हा तरुण तंत्रज्ञांना तिकडचे शिक्षण देण्यात आले. ते योग्यही होते, कारण त्यांची पुढली तीस वर्षे तिकडेच जाणार आहेत. डिझेल जाणणारे वयस्क कारागीर मात्र दरवर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकावयास कोणी नाही. सुटा भाग भांडारात ठेवता येतो. कसब ठेवता येत नाही.

यावर उपाय फार मोठे नाहीत; म्हणूनच कदाचित ते मोठ्या बैठकांत निघत नाहीत. राखीव ठेवावयाच्या इंजिनांचा आकडा निश्चित करून ती देशभर विखुरण्याऐवजी प्रत्येक विभागातील एकाच शेडकडे सोपवावीत. त्यांच्या देखभालीचा खर्च ऑपरेटिंग रेशोतून वगळून स्वतंत्र शीर्षकाखाली दाखवावा, म्हणजे काटकसरीचा पहिला वार त्यावर होणार नाही. निरनिराळ्या काळी पुनर्बांधणी झालेल्या इंजिनांपैकी एकाच बनावटीची निवडावीत आणि उरलेल्यांचे चांगले भाग काढून त्यांच्यासाठी जपावेत. किती इंजिने चोवीस तासांच्या सूचनेवर पूर्ण शक्तीने धावू शकतील, याचे उत्तर दरवर्षी संसदेपुढे ठेवावे. आणि ते भाराच्या कसोटीवरून द्यावे, नोंदवहीवरून नव्हे.

हे करण्यास वेळही फार नाही. १९९२ साली वाराणसीतून निघालेले आणि २०१० च्या सुमारास पतियाळाला जाऊन आलेले इंजिन २०२८ साली छत्तीस वर्षांचे होईल. त्याच्यासारखी इंजिने नियमाप्रमाणे एकामागून एक मोडीत निघतील आणि राखीव ताफ्यासाठी कोणती ठेवावयाची हे तोवर ठरले नसेल, तर ते भंगाराच्या लिलावातच ठरेल. पुढच्या दोन अर्थसंकल्पांत त्यासाठी तरतूद दिसते की नाही, हे पाहावयास हवे.